चक्का, डाळिंब आणि फ्रीजरचा कप्पा

श्रीखंडाचा डबा चुकून फ्रीजरमध्ये राहिला तर फारसं काही बिघडत नाही. थोडं घट्ट होतं, पण चमचा शिरतो. त्याच कप्प्यात ताकाचं पातेलं रात्रभर राहिलं, तर सकाळी दगड हातात येतो आणि वितळल्यावर खाली रवाळ चोथा, वर पिवळसर पाणी. दोन्ही मुळात दहीच. श्रीखंडातलं बरंचसं पाणी फडक्यातून आधीच गळून गेलेलं असतं आणि जे उरतं ते साखरेनं धरून ठेवलेलं असतं. ताकात मात्र आपण वरून पाणी ओतलेलं असतं. दही आणि फळं गोठवून घरी जे काही करता येतं, पातळ वड्या, काडीवरची कुल्फी, चमच्यानं खायचं घट्ट दही, ते सगळं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं. बिघडतं तेही तिथेच. पाण्याचा हिशेब चुकतो.

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनच्या पावसापर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. अशा दिवसांत दुपारी गॅसपुढे उभं राहायची कोणाची तयारी नसते, ओव्हन तर दूरच. त्यामुळे न भाजता, न शिजवता होणारा हा प्रकार इथे आपोआपच रुळतो. मोबाईलवर दिसणाऱ्या कृतींमध्ये ग्रीक योगर्ट आणि ब्लूबेरी असतात, म्हणून बरेच जण ते महाग डबे शोधत सुपरमार्केट पालथं घालतात. काही गरज नाही. त्या डब्यातलं दही म्हणजे पाणी गाळलेलं दही, आपला अर्धामुर्धा चक्का. आणि फळांच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्यानं बाहेर बघावं अशी वेळ वर्षातून क्वचितच येते.

आधी दही. म्हशीचं दूध मिळत असेल तर दुसरं बघू नका. पंढरपुरी म्हैस या जिल्ह्याची, तलवारीसारख्या लांब शिंगांची. तिच्या दुधाला स्निग्धांश चांगला असतो आणि गोठवलेल्या पदार्थात स्निग्धांश दुहेरी काम करतो: बर्फाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही आणि जिभेवर मऊपणा आणतो. टोण्ड दुधाच्या दह्याचा चक्का करून बघा, गोठल्यावर तो खडूसारखा पिठूळ लागतो. दूध नीट उकळून, कोमट करून विरजण लावायचं आणि दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये टाकायचं. मे महिन्यात इथल्या स्वयंपाकघरात चार-पाच तासांत दही लागतं. तिथून पुढे आणखी दोन तास बाहेर राहिलं की आंबट. आंबटपणाकडे जास्त लक्ष द्यायचं कारण असं की थंडीत जिभेला गोडी कमी कळते, आंबटपणा मात्र फारसा लपत नाही. ताज्या चवीला जेमतेम आंबट वाटणारं दही गोठल्यावर चांगलंच आंबट लागतं.

चक्का टांगायची जुनी पद्धत म्हणजे नळाला किंवा खुंटीला पुरचुंडी. थंडीत ठीक आहे. उन्हाळ्यात ती पुरचुंडी संध्याकाळपर्यंत आंबून जाते आणि कोरड्या हवेत फडक्याच्या बाजूनं चक्क्याला पिवळट कडक पापुद्रा येतो. तो मिश्रणात गेला की गुठळी राहते, कितीही घोटा. त्यापेक्षा पिठाची चाळण एका पातेल्यावर ठेवा, त्यात दुहेरी मलमल, त्यात दही, वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या. सगळं बिऱ्हाड फ्रीजमध्ये. फडकं हातानं पिळू नका. पिळलं की पाण्याबरोबर चक्काही विणीतून बाहेर येतो आणि आत राहिलेला कोरडा, कणीदार होतो.

किती वेळ ठेवायचं, हे काय करायचंय त्यावर ठरतं. काडीवरच्या कुल्फीला दोन तास पुरे. दही नुसतं सैलसर घट्ट झालेलं असावं, साच्यात ओतता आलं पाहिजे. पातळ वड्यांना चार-पाच तास. श्रीखंडासारखा रात्रभर टांगलेला चक्का इथे उलट नडतो. इतकं पाणी गेलं की वडी कुरकुरीत तुटायच्या ऐवजी भुसभुशीत होते आणि टाळ्याला चिकटते. किलोभर म्हशीच्या दह्याचा चार-पाच तासांत अर्ध्या किलोच्या आसपास चक्का निघतो, गाईच्या दह्याचा त्याहून कमी. खाली जमलेलं पाणी फेकू नका. कढीत घाला, थालीपिठाचं पीठ भिजवा.

आता साखर. इथे बहुतेकांचा हात आखडतो, कारण 'हेल्दी' करायचं असतं. करा, पण साखर इथे गोडीपुरती नसते. पाण्यात विरघळलेली साखर पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. फ्रीजर कितीही थंड असला तरी गोठलेल्या कणांच्या मध्ये घट्ट पाकाचा पातळ थर राहतो आणि त्यामुळेच दात शिरतो. फळातली आणि वरून घातलेली मिळून एकूण मिश्रणाच्या १३ ते १६ टक्के साखर असावी. त्याखाली गेलात तर बर्फ, २० टक्क्यांच्या वर गेलात तर साध्या फ्रीजमध्ये कुल्फी काडीवरून घसरते. तराजू नसेल तर चवीचा नियम: मिश्रण गोठायच्या आधी चाखताना 'अंमळ जास्तच गोड झालं' असं वाटलं पाहिजे. बरोब्बर वाटलं तर गोठल्यावर फिकं लागणार. शिवाय एक चिमूट मीठ. खारट लागू नये, पण त्याशिवाय दह्याची चव बसकी राहते.

पिठीसाखर वापरा, किंवा साधी साखर फळाच्या रसात आधी पूर्ण विरघळवून घ्या. थंडगार चक्क्यात अख्खी साखर लवकर विरघळत नाही. ती तळाशी बसते आणि मग वडीचा खालचा भाग चिकट, वरचा बर्फ. मधाचं वागणं वेगळं. त्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी सुट्या रूपात असते, म्हणून वजनाला वजन ती पाण्याला साखरेपेक्षा जास्त अडवते. साखरेऐवजी सगळा मध घातला तर वडी मऊ राहते, भराभर वितळते. एक-दोन चमचे मध आणि बाकी साखर हे प्रमाण चांगलं. गूळ चालतो, पण चक्क्याचा रंग मातकट होतो. गूळ खाली शेंगदाण्याच्या थरात शोभतो, त्याकडे येऊच.

फ्रीजरबद्दल दोन शब्द, कारण कृती लिहिणारे सगळे फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे आत बर्फ न साचणारा फ्रीज गृहीत धरतात. त्याचा कप्पा उणे १८ अंशांच्या आसपास असतो. सिंगल डोअर फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार नसतो, आणि मे महिन्यात दर दहा मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडत असेल तर विचारूच नका. गोठायला जितका जास्त वेळ, तितके बर्फाचे कण मोठे, तितकं रवाळ. म्हणून वेग वाढवायचे उपाय. मिश्रण आधी तासभर फ्रीजच्या खालच्या भागात पूर्ण गार करून घ्या. प्लास्टिकच्या डब्याऐवजी स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं पसरट ताट वापरा, वर बटर पेपर. कप्प्याच्या तळावर साचलेला जाड बर्फ आधी काढून टाका, कारण तो थंडीला अडवतो. रात्री करा. दार बंद राहतं आणि शहरही जरा निवलेलं असतं.

ज्यांच्या कप्प्यात काहीच धड गोठत नाही त्यांनी आईस्क्रीमच्या लाकडी पॉटचं तंत्र वापरावं. एका मोठ्या पातेल्यात ठेचलेला बर्फ तीन भाग, खडे मीठ एक भाग. मिठानं बर्फ वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. तापमान उणे १५ च्या खाली सहज जातं. त्यात कुल्फीचे साचे झाकणापर्यंत उभे रोवा, पातेल्यावर गोणपाट किंवा जुनी सोलापुरी चादर दुहेरी टाका. तास-सव्वा तासात साचे टणक होतात, बऱ्याच फ्रीजपेक्षा लवकर. झाकणं घट्ट असू द्या, खारं पाणी आत शिरलं की सगळं मुसळ केरात. बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी फक्त या बाहेरच्या कामापुरती, ती पोटात जाता कामा नये. गोठल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. हेच आपल्या पिण्याच्या पाण्यालाही लागू. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात साठवलेलं पाणी सरबतात किंवा बर्फात घालायचं तर ते उकळून गार केलेलंच.

सुरुवात पातळ वड्यांनी करावी, त्यात बिघडायला जागा कमी. चारशे ग्रॅम चार तास गाळलेला चक्का, साठ ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, पाव चमचा वेलदोड्याची पूड. चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून एकदा काढा, मिक्सर नको. मिक्सरमध्ये फार फिरला तर चक्का सैल पडतो. बटर पेपरवर पाऊण सेंटीमीटर जाडीचा थर पसरा. याहून पातळ केला तर हातात घेताच वितळतो, जाड केला तर तुटत नाही, चावताना दात शिवशिवतात. वर फळं, हलक्या हातानं दाबून. नुसती भुरभुरली तर तोडताना घरंगळतात. तासाभरानं बाहेर काढून सुरीनं चौकटी आखा, मग परत आत, आणखी तीन तास. आखून ठेवलेल्या रेषांवर वडी कट्कन तुटते. ताट टेबलावर ठेवून गप्पा मारत बसायचा हा पदार्थ नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत कडा ओघळू लागतात. ताटल्याही फ्रीजरमध्ये गार करून ठेवाव्यात, आणि माणशी दोन-दोन वड्या काढून बाकीचा डबा लगेच आत.

वर कोणतं फळ, तर इथे पहिला मान डाळिंबाचा. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून शहराला लागूनच केगावला आहे आणि सांगोल्याच्या बागांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. यासाठी भगवा या जातीचं डाळिंब घ्यावं. दाणा गडद, बी मऊ. किलोभर फळांतून अर्धा किलोच्या जरा वर दाणे निघतात. आतला पिवळट पापुद्रा एकही कण राहू देऊ नका, तो तुरट-कडू असतो आणि थंड झाल्यावरही कडूच राहतो. दाणे धुतले असतील तर सुती फडक्यावर अर्धा तास पसरा, मग ताटात एकेरी थर लावून दोन तास गोठवा, आणि त्यानंतरच डब्यात भरा. थेट डब्यात भरून गोठवले तर लाल विटेसारखा एकच ठोकळा निघतो. सुटे गोठलेले दाणे बाहेर काढले की त्यांच्यावर क्षणभर पांढरट धूसर थर धरतो, बोटानं पुसला की खाली तो रंग. चावलं की आधी पातळ बर्फाचा कट् आवाज, मग रस, आणि शेवटी बी. म्हाताऱ्या माणसांच्या दातांना हे झेपत नाही, त्यांच्यासाठी पाक.

पाकासाठी दाणे मिक्सरमध्ये घालून बटण उलट्या बाजूला दोन-तीनदा झटके द्यायचे, बस. सलग फिरवलं की बिया भरडल्या जातात आणि रस कडवट होतो. गाळून चारशे मिली रस घ्या, त्यात साठ ग्रॅम साखर, आणि स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर दीडशे मिलीपर्यंत आटवा. लोखंडी कढई नको, डाळिंबातला तुरटपणा लोखंडाला लागला की रस काळवंडतो. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. एवढीच काय ती गॅसची गरज. हा पाक इतका साखरेचा असतो की फ्रीजरमध्येही तारेसारखा लवचीक राहतो. चारशे ग्रॅम चक्क्यात तीसच ग्रॅम साखर घालून थर पसरायचा, त्यावर शंभर मिली गार पाक रेघांनी सोडायचा आणि सुरीच्या टोकानं दोनदा आडवं-उभं ओढायचं. दोनदाच. तिसऱ्यांदा ओढलं की लाल रेषा जाऊन सगळं गुलाबी होतं.

द्राक्षांना तर काहीच करावं लागत नाही. सोलापूरजवळचं नान्नज म्हटलं की लोकांना माळढोक पक्षी आठवतो, पण सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या दोन्ही जाती त्याच नान्नजच्या काळे यांच्या बागेतल्या. लांबट सोनाका गोठवायला फार छान. पिकलेल्या द्राक्षात मुळातच इतकी साखर असते की चार तासांनंतरही ते दगड होत नाही, आत सरबताचा मऊ बर्फ तयार होतो. चांगली धुवा, पूर्ण कोरडी करा, देठ काढा, एकेरी थरात गोठवा. हवं तर टूथपिकला टोचून सैलसर गोड चक्क्यात बुडवा, अर्धा तास गोठवा, परत बुडवा. पहिला लेप द्राक्षावरून घसरला तर द्राक्ष ओलं होतं असं समजा. लहान मुलांना मात्र अख्खं गोठलेलं द्राक्ष कधीच देऊ नये, घशात अडकतं. उभे चार काप करून मगच गोठवा.

केळ्यानं आईस्क्रीमची हौस जवळजवळ फुकटात भागते. करमाळा-कंदर भागातली केळी बाजारात बारा महिने असतात. सालीवर काळे ठिपके पडलेली, घरात कोणी खात नाही अशी चार केळी घ्या. हिरवट केळ्यात स्टार्च असतो, ते गोठवून वाटलं की चिकट पिठासारखं लागतं. सोलून एक सेंटीमीटरच्या चकत्या, तीन तास फ्रीजरमध्ये. सालीसकट गोठवलेलं केळं नंतर सोलून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. वाटायच्या आधी चकत्या पाच मिनिटं बाहेर ठेवा, मिक्सरचा जीव वाचतो. शंभर ग्रॅम चक्का घालून थांबत थांबत फिरवा. आधी भुगा होतो आणि वाटतं की फसलं. भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा फिरवलं की एकदम लोण्यासारखा गोळा जमतो. साखर लागत नाही.

आंबा आला की काडीवरच्या कुल्फ्या. दोन तास गाळलेलं दही चारशे ग्रॅम, आमरस अडीचशे ग्रॅम, साठ ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे दुधाची पावडर, मीठ, वेलची. दुधाची पावडर पाण्याचा काही भाग शोषून धरते, बर्फाचे कण बारीक राहतात. रस तंतुमय असेल तर गाळून घ्या. डब्यातला तयार रस असेल तर त्यात साखर आधीच असते, आपली निम्मी करा. ऐंशी मिलीचे आठ साचे होतात. साचा काठोकाठ भरू नका, एक सेंटीमीटर मोकळं ठेवा. पाणी गोठताना फुगतं आणि झाकण उचलून बाहेर येतं. काडी लगेच खोचली तर ती वाकडी होते. तासाभरानं मिश्रण रबरबीत झालं की मधोमध खोचा, सरळ उभी राहते. पुढे किमान सहा तास. साच्यातून काढताना कोमट पाण्यात दहा सेकंद बुडवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्याच्या दुपारी जे काही येतं ते पुरेसं गरम असतं, तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त बुडवलंत तर काडीच हातात येईल.

कलिंगड आणि दही यांची सोयरीक जमत नाही. कलिंगड नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, ते चक्क्यात कालवलं की चार तास गाळून घालवलेलं पाणी आपण परत ओतल्यासारखं होतं. रंगही फिका पडतो. त्याचं वेगळं करावं: अर्धा लिटर गाळलेला रस, पन्नास ग्रॅम साखर, एक लिंबू, काळं मीठ, आणि पसरट डब्यात गोठवताना दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडत राहा. भुसभुशीत लाल बर्फ होतो, त्यावर हवं तर चमचाभर गोड चक्का.

अननस आणि पपई या दोघांपासून सावध. दोन्हींत दुधातली प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. कच्चा अननस चक्क्यात कालवला की अर्ध्या तासात मिश्रण पातळ आणि कडू होऊ लागतं. गोठवल्यानं ते काम मंदावतं, थांबत नाही. वितळलं की पुन्हा सुरू. लोक दह्याला दोष देतात. उपाय सोपा: अननसाच्या बारीक फोडी साखर घालून पाच मिनिटं चांगल्या उकळा, पूर्ण गार करा, मग वापरा. पपई पिकल्यावर तिच्यातला जोर बराच कमी होतो, तरी कालवून ठेवू नये. फोडी वरून लावाव्यात आणि लगेच गोठवाव्यात. किवीचंही अननसासारखंच.

सीताफळाचं नेमकं उलटं आहे. हे फळ तापवलं की कडवट होतं, म्हणून बासुंदीतही ते गॅस बंद करून, बासुंदी गार झाल्यावर घालतात. गोठवलेल्या चक्क्यात त्याला आच लागतच नाही, त्यामुळे या सगळ्या फळांत मला तरी सीताफळाची वडी सर्वात सरस वाटते. त्यासाठी मात्र पावसाळ्याच्या शेवटापर्यंत थांबावं लागतं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेलं एनएमके-१ गोल्डन मिळालं तर काम निम्मं होतं: गर भरपूर, बिया कमी. गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन वाटीच्या बुडानं दाबत फिरवायचा, बिया वर राहतात. बियांसकट मिक्सरमध्ये घालू नका. फुटलेली बी विषारी असते, कडूपणा तर वेगळाच. गर हवेत काळा पडतो, म्हणून चक्का आधी गोड करून तयार ठेवावा आणि गर निघाला की लगेच त्यात मिसळावा. तीनशे ग्रॅम गर, तीनशे ग्रॅम चक्का, पंचवीस-तीस ग्रॅम साखर. वेलची नको, काहीच नको. जिभेला जी बारीक कणी लागते ती सीताफळाची स्वतःची, गाळून घालवायचा प्रयत्न करू नये.

घरी पाहुणे येणार असतील आणि जरा थाट हवा असेल तर दोन थरांच्या चौकोनी वड्या. परदेशी कृतीत खाली बिस्किटांचा चुरा आणि लोणी असतं. सोलापुरात शेंगदाण्याचा कूट घरात नाही असं होत नाही. दीडशे ग्रॅम खरपूस भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, साठ ग्रॅम किसलेला गूळ, एक मोठा चमचा पातळ तूप. मुठीत दाबलं की गोळा टिकला पाहिजे. अठरा सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून हा थर वाटीनं घट्ट दाबा, अर्धा तास गोठवा. त्यावर तीनशे ग्रॅम चक्का, पंचेचाळीस ग्रॅम साखर आणि शंभर ग्रॅम घट्ट फळाचा गर यांचं मिश्रण ओता. पाच तास. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून. कूट फार बारीक केला तर तेल सुटतं आणि थर गोठल्यावर दगडासारखा होतो. जाडसर ठेवला तर व्यवस्थित चावता येतो. कुरकुरीतपणासाठी ज्वारीच्या लाह्या घालायच्या तर अगदी वाढताना. चक्क्यात गाडलेल्या लाह्या अर्ध्या तासात मऊ पडून कापसासारख्या होतात. थोड्या तुपावर परतून घेतल्या तर जरा जास्त टिकतात.

साठवण. दही वास फार पटकन धरतं. लसणाची शेंगाचटणी किंवा मासळी त्याच कप्प्यात उघडी असेल तर दोन दिवसांत वड्यांना तो वास लागतो आणि मग कितीही वेलची घाला. घट्ट झाकणाचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. दोन-तीन आठवड्यांत संपवा. त्यानंतर खराब होत नाही, पण वर बर्फाचं खरखरीत कवच चढतं आणि आतला भाग कोरडा पडतो. वीज गेली तर दार उघडून 'वितळलं का' हे बघायचा मोह आवरा, प्रत्येक उघडण्यानं आतली गार हवा बाहेर पडते. नेहमी वीज जात असेल तर कप्प्यात पाण्याच्या एक-दोन बाटल्या गोठवून ठेवा, त्या कप्पा थंड धरतात.

आणि वितळलंच तर परत गोठवू नका. सावकाश गोठणारं पाणी यावेळी आणखी मोठे कण धरतं, चक्का फाटतो, आणि बराच वेळ कोमट राहिलेलं असेल तर पोटालाही धोका. मिश्रण अजून गार लागत असेल तर त्यात थोडं ताक घालून मिक्सरमधून फिरवा, वर जायफळ किसा आणि पियुष म्हणून लगेच वाढून टाका.